रिटायर झालेली पेटी

पावसाळ्यात एकदा तरी पेटी उघडावीच लागते. कोल्हापूरचा पाऊस भिंतींतून घरात उतरतो. पत्र्याची पेटी कितीही घट्ट बसवली तरी आतल्या कार्डांना ओल धरते. म्हणून जुलैतल्या एखाद्या रविवारी, टीव्हीवर राजाराम बंधाऱ्याच्या पाणीपातळीची बातमी चालू असताना, मी हॉलमध्ये जुनी चादर अंथरतो आणि खेळातल्या छोट्या पुतळ्यांचा एकेक नग काढून ओळीने मांडतो. यंदा पहिल्यांदाच मोजले. ६४३ भरले. त्यातले आज स्पर्धेत चालतील असे फक्त ३८. बाकी सगळे रिटायर.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हीरोक्लिक्स नावाचा हा खेळ विझकिड्स या अमेरिकन कंपनीने २००२ साली आणला. मार्व्हल आणि डीसीच्या कॉमिकमधली पात्रं, अंगठ्यापेक्षा थोडी उंच, रंगवूनच मिळतात. प्रत्येकाच्या तळात एक चकती असते. मार बसला की ती फिरवायची, टिक्क असा आवाज होतो आणि तळाच्या खिडकीतले आकडे बदलतात: चाल, हल्ला, बचाव, घाव. दोघांनी सारख्या गुणांची फौज घ्यायची, चौकोन आखलेल्या नकाशावर मांडायची आणि दोन फासे टाकून लढायचं. नग बंद डब्यातून येतात, आत कोण आहे ते फोडल्याशिवाय कळत नाही. दर काही महिन्यांनी नवा सेट निघतो. आणि मोठ्या स्पर्धांत साधारण गेल्या दोनेक वर्षांतलेच सेट चालतात. त्याआधीचे झाले रिटायर. नग मोडत नाही, रंग उडत नाही, चकती टिक्क करतच राहते, पण स्पर्धेच्या टेबलावर त्याला जागा नसते.

माझ्याकडे पहिले दोन डबे २००५ च्या दिवाळीत आले. मामेभाऊ न्यू जर्सीहून सुट्टीला आला होता. त्यातला एक नग अजून पेटीत सगळ्यात वरच्या कप्प्यात असतो: हायड्राचा शिपाई, तळाला पिवळं कडं. त्या वेळी पिवळं म्हणजे नवशिका, निळं म्हणजे मुरलेला आणि लाल म्हणजे कसलेला, अशी पद्धत होती. डब्यात दाबून बसल्यामुळे त्याच्या बंदुकीची नळी खाली झुकलेली होती. मी धंद्याने पॅटर्न मेकर, उद्यमनगरात फौंड्रीसाठी साचे करणारा. त्यामुळे माझी नजर आधी गेली ती त्याच्या खांद्यापासून घोट्यापर्यंत उतरलेल्या केसाएवढ्या रेषेवर. पार्टिंग लाइन. साच्याचे दोन भाग जिथे मिळतात तिथे ही रेष राहते. आम्ही ओतलेल्या प्रत्येक पंप बॉडीवर ती असते. साता समुद्रापलीकडून आलेल्या त्या इवल्याशा शिपायाच्या अंगावर आपल्याच धंद्याची खूण बघून मला जो आनंद झाला, तो आजही जसाच्या तसा आठवतो. नाद लागला तो तिथून.

खरं तर छोट्या पुतळ्यांचा नाद त्याही आधीचा. आमच्याकडे दिवाळीचा किल्ला म्हणजे घरातलं मोठं कार्य. शाळेला सुट्टी लागली की माती आणायची, दगड रचायचे, पोत्याचं कापड चिखलात बुडवून वर टाकायचं, हळीव पेरायचे. आणि अण्णांच्या सायकलवर डबलसीट बसून शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत चित्रं आणायला जायचं. आम्ही त्यांना चित्रंच म्हणायचो. मावळे, तोफ, सिंहासनावरचे महाराज, डोक्यावर हारा घेतलेली गवळण, गुहेतला वाघ. दरवर्षी पाच-सहा नवी. जुनी माळ्यावरच्या पाटीत 'पुढारी'च्या कागदात गुंडाळलेली असायची. अण्णांच्या लहानपणीची दोन, थोरल्या भावाच्या वेळची आठ-दहा, माझी उरलेली. मापात कुणीच नसायचं. वाघ बुरुजापेक्षा मोठा आणि गवळण तोफेएवढी. बाजीप्रभूंच्या दोन्ही तलवारी कधीच तुटल्या होत्या, तरी पन्हाळ्यावरून विशाळगडाकडे जाणाऱ्या वाटेवर खिंडीत तेच उभे राहायचे. हा जुना झाला, आता किल्ल्यावर चालणार नाही, असं आमच्या गल्लीत कुणी कुणाला म्हटल्याचं मला आठवत नाही.

त्यामुळे सेट रिटायर होतात हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला खरोखर राग आला. मी दिलेले पैसे, मी जपलेला नग, आणि तो चालणार की नाही हे तिसराच कुणी ठरवणार. हा राग बरीच वर्षं राहिला.

मग धंद्यामुळेच थोडी समज आली. आमच्या शॉपच्या मागच्या रॅकवर गिऱ्हाइकांचे जुने पॅटर्न पडलेले असतात. सागवानी, ॲल्युमिनियमचे, काही माझ्या वस्तादांच्या हातचे. ज्या इंजिनाचा तो भाग होता ते इंजिनच बंद झालेलं असतं. गिऱ्हाईक न्यायला येत नाही, टाकवत आपल्यालाही नाही, आणि जागा तर लागतेच. मिनिएचरचंही असंच आहे. पांढऱ्या धातूचे नग रबराच्या साच्यात, साचा गरगर फिरवून ओततात. तो साचा काही ओतकामांनंतर झिजतो, कडा मरतात. प्लास्टिकच्या नगाला पोलादी डाय लागते. तिचा खर्च इतका असतो की एकदम हजारोंनी माल काढल्याशिवाय तो वसूल होत नाही. माल निघाला की डाय मशीनवरून उतरते आणि दुसरी चढते. जुना सेट पुन्हा काढायचा म्हणजे नव्या सेटचं मशीन अडवायचं. दुकानदाराकडेही फळी तेवढीच.

खेळातलंही कारण आहे. ही प्रथा पत्त्यांच्या खेळातून आली. मॅजिक द गॅदरिंग १९९३ साली निघाला आणि दोनच वर्षांत अशी वेळ आली की पहिले पत्ते नव्या खेळाडूला परवडेनात, मिळेनात. म्हणून १९९५ च्या सुरुवातीला एक वेगळा स्पर्धाप्रकार काढला, ज्यात अलीकडचेच पत्ते चालतील. नवा माणूस दुकानात जाऊन आज मिळतंय ते घेऊन उद्या बरोबरीने बसू शकला पाहिजे, हा त्यामागचा विचार. वाचताना पटला. मनापासून पटायला मात्र आणखी बरीच वर्षं जावी लागली, ते पुढे येईलच.

आता खर्चाचं. मी २००५ पासून एक वही ठेवली आहे. डबा कधी आला, कुणी आणला, काय पडला, आत काय निघालं. सुरुवातीला हौस म्हणून लिहायचो, पुढे त्या वहीची भीती वाटायला लागली. बंद डब्याचा हिशेब वाटतो तसा सरळ नसतो. समजा एका सेटमध्ये २० दुर्मीळ नग आहेत आणि प्रत्येक डब्यात त्यातला एक निघतो, कुठलाही निघण्याची शक्यता सारखी. मग २० डब्यांत २० मिळतील का? नाही. सगळे २० जमायला सरासरी ७२ डबे फोडावे लागतात. पहिला नग पहिल्याच डब्यात मिळतो, पण १९ हातात आल्यावर राहिलेल्या त्या एकासाठी सरासरी २० डबे जातात. संग्रहाचा पैसा खरा जातो तो शेवटच्या तीन-चार नगांवर, आणि हे लक्षात येईपर्यंत आपण पहिल्या पंधरांवर इतकं घातलेलं असतं की थांबवत नाही.

मोठ्या शहरात याला उतारा असतो, अदलाबदलीचा. तुझ्याकडे दोन झालेत, माझ्याकडे तिसराच जास्तीचा आहे. पन्नास खेळाडू जमले तर ७२ डब्यांचं गणित पार बदलून जातं. कोल्हापुरात आम्ही चौघे होतो. आजही नियमित येणारे सहाच. चौघांत अदलाबदल ती किती होणार? जे माझ्याकडे नाही ते बहुतेक वेळा कुणाकडेच नसायचं.

आणि अंतर. याबद्दल फारसं बोललं जात नाही, पण मला वाटतं आपल्यासारख्यांना सगळ्यात महाग हेच पडतं. सेट तिकडे बाजारात येतो त्या दिवशी त्याचं घड्याळ सुरू होतं. मामेभाऊ वर्षातून एकदा येणार. तो मेमध्ये येऊन गेला आणि सेट जूनमध्ये निघाला, की अकरा महिने गेले. डब्यावर छापलेली किंमत तीच, पण आमच्या हाती आलेल्या डब्याचं निम्मं आयुष्य संपलेलं. मागवायचं म्हटलं तर आयात शुल्क. आपल्याकडे खेळण्यांवर ते २० टक्के होतं. २०२० च्या अर्थसंकल्पात ६० झालं आणि २०२३ मध्ये ७०. देशी खेळण्यांना बळ मिळावं म्हणून हे केलं, आणि कारखानदारीवर जगणाऱ्या गावचा माणूस म्हणून मला ते समजतं. पण वहीतला २०१९ चा डबा आणि २०२१ चा डबा शेजारी ठेवून बघितले की पोटात गोळा येतो. वर वाहतूक, वर वेळ. म्हणजे जास्त पैसे देऊन कमी दिवस विकत घ्यायचे.

२०१३ साल त्या वहीत सगळ्यात जाड आहे. त्या वर्षी मी ३१ हजार घातले. त्याच वर्षी बायकोची स्कूटी पुढच्या वर्षावर ढकलली. तिने एकदाही विचारलं नाही. तिला कामावर जायला शिवाजी पुतळ्यापर्यंत चालत येऊन केएमटीची बस पकडावी लागायची, आणि ती भर पावसात गेली की मी खिडकीत उभा राहायचो. त्या ३१ हजारांतले जवळजवळ सगळे नग २०१५ पर्यंत रिटायर झाले. याचं मला आजही वाईट वाटतं, आणि ते इथे लिहिलं नाही तर हा लेख खोटा ठरेल.

एकदा तर सगळंच रिटायर होतं की काय असं झालं होतं. विझकिड्स तेव्हा टॉप्स या कंपनीच्या मालकीची होती, आणि नोव्हेंबर २००८ मध्ये टॉप्सने ती बंद करत असल्याचं जाहीर केलं. मी राजारामपुरीतल्या एका नेट कॅफेत ते वाचलं. शेजारच्या खुर्चीवर कुणी रेल्वेचं तिकीट काढत होतं. मी बराच वेळ नुसता बसून राहिलो. घरी येऊन पेटी उघडली तर त्यातलं काहीही बदललेलं नव्हतं, तोच पिवळ्या कड्याचा शिपाई, तीच झुकलेली नळी. पुढच्या वर्षी नेका या दुसऱ्या कंपनीने खेळ विकत घेतला आणि तो पुन्हा सुरू झाला. पण त्या मधल्या काळात आम्ही चौघे दर रविवारी खेळतच होतो. नवं काही येत नव्हतं, जुनं काही जात नव्हतं. खरं सांगतो, आमचे सगळ्यात सुंदर डाव त्या वर्षी झाले.

असे धक्के सगळ्याच खेळांना बसतात. गेम्स वर्कशॉप या इंग्लंडच्या कंपनीने १९८३ पासून चालत आलेली वॉरहॅमरची जुनी मध्ययुगीन लढाई २०१५ मध्ये बंद केली. त्या खेळात सैनिक चौकोनी तळांवर, रांगा धरून उभे असत. नव्या खेळात तळ गोल झाले. किती जणांनी स्वतः रंगवलेल्या, वर्ष-वर्ष खपून रंगवलेल्या पलटणींचे चौकोनी तळ सोलून काढले असतील. आणि २०२४ मध्ये त्याच कंपनीने ती जुनी दुनिया परत आणली, चौकोनी तळांसकट. एक्स-विंग या स्टार वॉर्सच्या विमानांच्या खेळाचं तर याहून वाईट झालं. २०१२ मध्ये निघाला, २०१८ मध्ये दुसरी आवृत्ती आली, जुन्या विमानांसाठी रूपांतराचे संच वेगळे विकत घ्यावे लागले, आणि २०२४ मध्ये कंपनीने पुढचं काम थांबवल्याचं सांगून टाकलं.

या सगळ्याचा विचार करत होतो तेव्हा एकदा टाऊन हॉल म्युझियममध्ये गेलो. तिथे पोसायडनची कांस्यमूर्ती आहे, रोमन घडणीची, वीतभरही उंच नसलेली. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकडीत सापडली. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी ती गलबतातून, घाट चढवून इथवर आणली. मी तिच्यासमोर उभा राहून धंद्याच्या सवयीने ओतकामाच्या खुणा शोधत होतो. त्या समुद्रदेवाची पूजा त्याच्या मुलखात बंद होऊनही शतकं लोटली. इथे ज्याने ती घरात ठेवली त्याने काय मोजलं असेल, धान्य, कापड, की एखादा बैल? आणि त्याच्या घरच्यांनी काय पुढे ढकललं असेल?

आता एका मुलाचं सांगतो. आमच्याच बिल्डिंगमध्ये राहतो, नववीत आहे. वाढदिवसाचे पैसे साठवून त्याने गेल्या वर्षी नवा स्टार्टर संच मागवला आणि रविवारी आमच्या टेबलावर आला. आमच्या टेबलावर तेव्हा एकच नियम होता, आणि तो मला प्राणाहून प्रिय होता: इथे काही रिटायर होत नाही. मी माझी जुनी फौज काढली. वीस वर्षांत निवडून निवडून ठेवलेली, कुणाशी कोण जोडला की काय होतं ते तोंडपाठ असलेली. वीस मिनिटांत त्याचे सहाच्या सहा नग टेबलाबाहेर. त्याने ते नीट पुसून डब्यात भरले आणि विचारलं, "काका, तुमचे हे जुने नग लई भारी आहेत ओ. मला कुठं मिळतील?"

मला काही बोलता येईना. कुठेच नाही, हे उत्तर होतं. मिळाले तर परदेशातल्या कुणाच्या कपाटातून, डब्याच्या किमतीच्या कितीतरी पटीने. त्याने जे घेतलं होतं तेवढंच आज दुकानात मिळत होतं, आणि तेवढ्यावर तो माझ्याशी कधीच बरोबरीने बसू शकणार नव्हता. १९९५ चं जे कारण मी वाचून पटवून घेतलं होतं ते माझ्यासमोर खुर्चीत बसलं होतं.

त्या रात्री मी बाकीच्यांना फोन केले. एका दोस्ताने ठाम नाही म्हटलं. तो शिक्षक आहे, आमच्यात सगळ्यात जास्त खर्च त्याने केलाय. म्हणाला, "भावा, मी पैसं घातल्यात ते पेटीत ठेवायला न्हवं." त्याचं बरोबरच होतं. तीन रविवार आम्ही यावर बोललो, एकदा तर खाऊगल्लीत भेळ हातात घेऊन रस्त्यावरच भांडलो. शेवटी ठरलं ते असं: प्रत्येकाने फौज अलीकडच्या दोन वर्षांतल्या नगांची करायची, आणि वर तीन नग रिटायर झालेल्यांतले घ्यायचे. आणि ते तीन कुणाच्याही पेटीतून. सगळ्यांच्या पेट्या टेबलाखाली उघड्या राहतील. दोघांना एकच नग हवा असेल तर ज्याच्याकडे नवे नग कमी त्याने आधी उचलायचा.

पहिल्यांदा माझ्या पेटीत दुसऱ्याचा हात गेला तेव्हा जीव वर-खाली झाला. आता सवय झाली. शिक्षक दोस्त अजून पूर्ण खूश नाही, पण येतो, आणि परवा स्वतःहून त्या मुलाला आपला लाल कड्याचा नग कसा वापरायचा ते समजावत होता.

मागच्या दिवाळीआधी पुतणीला घेऊन कुंभार गल्लीत गेलो होतो. अण्णांच्या वेळचा एक मावळा असायचा, उजवी मिशी वर आणि डावी किंचित खाली. तसा हवा होता. चित्रं विकणाऱ्या मावशी म्हणाल्या, "त्यो साचा न्हाई आता. २०१९ च्या पुरात घरात पाणी आलं, प्लास्टरचं सगळं साचं भिजून फुगलं. आणि तसंबी लई वापरला होता ओ, नाकं बुजायला लागली होती." नवा साचा त्यांच्या मुलाने केलाय. त्यातला मावळा ताठ आहे, मिशा दोन्हीकडे सारख्या. पुतणीला तो जास्त आवडला. घरी येऊन आम्ही माळ्यावरून पाटी काढली, जुना मावळा कागदातून सोडवला आणि दोघांना महादरवाजाच्या दोन बाजूंना उभं केलं.

आज चादरीवरचे नग परत भरताना तो नववीतला मुलगा आला होता. ओलीमुळे काहींच्या चकत्या घट्ट बसल्या होत्या, त्या सोडवायला मदत करत होता. पिवळ्या कड्याचा शिपाई त्याने हातात घेतला, फिरवून बघितला. स्वस्तातला नग, गुण अगदी कमी, आजवर माझ्या फौजेत क्वचितच गेलेला. "ह्याची बंदूक अशी का?" त्याने विचारलं. वीस वर्षं मी ती सरळ केली नव्हती. आली तशी राहू दे असं वाटायचं.

मी पातेल्यात पाणी तापत ठेवलं. उकळायच्या आत गॅस बंद केला. शिपायाला तळाला धरून नळीचा भाग पाण्यात बुडवला आणि दहापर्यंत मोजलं. प्लास्टिक मऊ झालं, तसा तो मुलाच्या हातात दिला. त्याने दोन बोटांनी नळी सरळ धरली आणि मी शेजारी गार पाण्याचा तांब्या पुढे केला. नळी त्यात बुडवून तो श्वास रोखून उभा राहिला. बाहेर पाऊस परत वाढला होता.

पुढच्या रविवारी तो त्याचे तीन नग निवडणार आहे. त्यातला एक कोणता, ते त्याने जाताना सांगून टाकलंय.